बारा मिनिटांचा रकाना

१

गुरुवारी दुपारी तीन चाळीसला ती घरी पोहोचली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि दादा जमिनीवर पडला होता. प्राणवायूचं यंत्र पलंगाशेजारी घूं घूं करत चालू होतं. नळी पलंगावरून खाली लोंबत होती. तिच्यातून हवा येत होती आणि ती घेणारं कोणी नव्हतं.

तिने आधी यंत्र बंद केलं, मग खाली बसली. प्राणवायूची जास्तीची नळकांडी, म्हणजे वीज गेली तर लावायची ती, स्वयंपाकघरात ठेवलेली होती. पलंगापासून अकरा पावलं. दादा सात पावलांपर्यंत गेला होता. हे तिने मोजलं. का मोजलं ते तिलाही कळलं नाही. बावीस वर्षं मीटर तपासत फिरलेलं माणूस, मोजायची सवय जात नाही.

तिला सगळे मीटरताई म्हणत. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. कोळशाच्या वीजघरात राख उपसायच्या कामावर त्याची उमेदीची वर्षं गेली आणि पाठोपाठ फुप्फुसं गेली. आठ दिवसांपूर्वीच तिने त्याला वरच्या भागातल्या त्याच्या खोलीवरून खाली आपल्या घरी आणलं होतं. कारण साधं होतं. खालच्या भागात वर्षभरात एकदाही वीज गेली नव्हती.

त्या वर्षभराचं प्रकरण असं. गावाचा विजेचा जुना करार संपत आला होता आणि पुढच्या पंचवीस वर्षांसाठी वीज कशापासून करायची यावर वाद पेटला होता. कोणी म्हणे कोळसा, कोणी पाणी, कोणी ऊन. शेवटी समितीने ठरवलं, वर्षभर तिन्ही चालवून बघू. वरच्या भागाला कोळशाची वीज, मधल्याला कालव्यावरच्या जनित्राची, खालच्याला सौर पाट्यांची आणि बॅटरीची. कोणती स्वस्त पडते, कोणती टिकते, ते तक्त्यात मांडायचं आणि सोमवारी सही करायची. गुरुवार हा त्या वर्षाचा शेवटचा दिवस होता. आणि त्याच दिवशी दुपारी तीन दहाला खालचा भाग बंद पडला. तीन बावीसला कोळशाच्या वीजघराने तो उचलून धरला. मधली बारा मिनिटं.

संध्याकाळपर्यंत गावभर एकच वाक्य फिरत होतं. आभाळ आलं, ऊन गेलं, वीज गेली, माणूस गेला. इतकं गुळगुळीत वाक्य खरं असायला कोणाची हरकत नव्हती.

शुक्रवारी शेवटचं सगळं उरकलं. ती रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला? बधिर झालेल्या दाताला माणूस धीराचा दात म्हणतो का?

समितीचे अध्यक्ष भेटायला आले ते निघता निघता म्हणाले, "सौर केंद्रावरच्या बाईला कामावरून थांबवलंय. सोमवारी करार झाला की निष्काळजीपणाचा गुन्हाही दाखल करू. तुम्ही निश्चिंत राहा."

"चौकशी कोण करणार?" तिने विचारलं.

"नियमाने मीटर तपासणाऱ्याने करायची. पण तुमचा तर सख्खा भाऊ. बाहेरगावाहून कोणाला तरी बोलावू."

"कधी येईल तो?"

"पंधरा-वीस दिवस लागतील."

"आणि करार सोमवारी."

अध्यक्षांनी चप्पल घालायला वेळ लावला.

"मीच करते," ती म्हणाली. "मला दुसरं काही काम नाही."

२

शनिवारी सौर केंद्रावरची ऊनमावशी बॅटरीच्या खोलीबाहेर पायरीवर बसली होती. कामावरून काढलं तरी आली होती. पन्नाशीची बाई, हातात पाट्या पुसायचं फडकं, त्याची पिळून पिळून वात झालेली.

"ताई, तोंड दाखवायला लाज वाटते."

"तोंड नका दाखवू. काय झालं ते सांगा."

"तीन वाजता मी पाट्या पुसायला जाते, रोजच. शेंबडं पोरही सांगेल. मी पार पलीकडच्या टोकाला होते. आभाळ आलं होतं, खोटं नाही बोलत. पण ऊन गेलं म्हणून वीज जात नाही हो, बॅटरी कशाला ठेवलीय? तेवढ्यात पंप बंद पडला, पाइपातलं पाणी थांबलं. तशी धावत सुटले. पोहोचायला पाच-सहा मिनिटं गेली. बघते तर मुख्य हँडल खाली."

"मग वर का नाही केलंत? गाव हेच विचारतंय. सहा मिनिटं हात बांधून उभी राहिली म्हणतात."

मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्हीसुद्धा? हँडल कोणी खाली केलेलं असलं तर विचारल्याशिवाय वर करायचं नाही, हे मला शिकवलं कोणी? तारेवर कोणी माणूस चढलेला असला तर? मी हँडल वर करून त्याला जाळू? मी कोळशाच्या वीजघरात फोन लावला. भट्टीमामा म्हणाला, हात लावू नको, आम्ही उचलतो."

हा नियम खरा होता. तारेवर काम करणाऱ्या माणसांच्या रक्ताने लिहिलेला नियम, आणि मावशीने तो पाळला म्हणून ती गुन्हेगार ठरली होती.

ताई आत गेली. मुख्य हँडलावर काचेची छोटी खिडकी होती. काही बिघाड होऊन हँडल आपोआप पडलं तर त्या खिडकीत लाल निशाणी खाली येते, आणि ती परत वर करायची तर खिडकीवरचं कागदी सील फाडावं लागतं. सील तिनेच लावलेलं, तिची सही, मागच्या महिन्याची तारीख. सील शाबूत आणि निशाणी वर.

मग तिने बॅटरीच्या मीटरची नोंद काढली. तीन वाजून नऊ मिनिटं, बॅटरी ऐंशी टक्के भरलेली. तीन वाजून तीस मिनिटं, तरीही ऐंशी टक्के.

तिने वहीत लिहिलं. बॅटरी रिकामी नव्हती. बिघाड नव्हता. हँडल हाताने ओढलं.

"मावशी, या खोलीच्या किल्ल्या कितीजणांकडे?"

"चार. माझी, भट्टीमामाची, कालवेआबाची आणि समितीच्या कार्यालयातल्या तक्तेसाहेबांची." मावशी घुटमळली. "ताई, म्हणजे हे कोणी मुद्दाम केलं?"

ताईने दाराकडे पाहिलं. खोलीला मागे आणखी एक दार होतं. त्याची कडी आतून लावलेली असायची. ती उघडी होती.

३

कालवेआबा कालव्याच्या जाळीतून शेवाळ ओढत होते. साठीचा माणूस, कमरेपर्यंत पाण्यात, तोंडाला मात्र विसावा कधीच नाही.

"ये गं मीटरताई. मीच मारलं का विचारायला आलीस?"

"हो. हँडल कोणीतरी हाताने ओढलंय, आणि किल्ली तुमच्याकडेही आहे."

आबांनी जाळी सोडून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारलंस ते बरं केलंस. गुरुवारी दुपारी या जाळीत बैल अडकला होता, मेलेला. दोन ते चार आम्ही सहाजण तोच काढत होतो. फुगलेला होता. ती साक्ष सहा नाकांनी दिलीय."

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आबा, हा करार कोणाला मिळावा असं तुम्हाला वाटतं?"

"मला? माझं पाणी म्हणजे लाडावलेला जावई. आठ महिने दणकून, चार महिने तोंड दाखवत नाही. स्वस्त आहे पण एकट्याच्या भरवशावर गाव ठेवू नये. उन्हाची बाई स्वस्त, गुणाची, पण आठवडाभर आभाळ धरलं की बॅटरी धाप टाकते. कोळसा दिवसरात्र हजर, पण खातो हत्तीएवढं आणि राख आपल्या छातीत टाकतो. तुला सांगायला नको." आबांनी शेवाळाचा गोळा काठावर आपटला. "मी तर म्हटलं होतं, तिघांना एकत्र नांदवा. समिती म्हणते, तक्त्यात पहिला नंबर एकाचाच येतो. शाळा आहे का ती?"

"भट्टीमामाने केलं असेल?"

"मामाला करार हवाय. तीनशे चाळीस माणसं आहेत त्याच्याकडे. पण तो तीन दहाला मावशीच्या त्या खोलीत असूच शकत नाही. भट्टीसमोर चाळीस माणसं त्याला बघत होती. बारा मिनिटांत गाव उचललं म्हणून त्याला खांद्यावर घेऊन नाचले ना लोक." आबा थांबले. पाण्यातून बाहेर आले, धोतराचा सोगा पिळला, आणि तिच्याकडे विचित्र नजरेने बघायला लागले.

"काय झालं आबा?"

"नाही, तीन दिवस मीही तेच बोलतोय. बारा मिनिटं, बारा मिनिटं. अगं, माझी झडप मी मिनिटात उघडतो. बॅटरीला तेवढाही वेळ नको. पण कोळसा? मामाची दुसरी भट्टी दिवसा झोपलेली असते, आग दाबून ठेवलेली. बारा मिनिटांत तिच्यावर चहासुद्धा होत नाही!"

४

भट्टीमामाच्या हाताखाली दादाने बावीस वर्षं काढली होती. म्हणून मामाने तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

"माझा माणूस गेला, ताई. चांगला माणूस."

"तुमचाच माणूस होता, मग छातीचा एक्स-रे काढायला सहा वर्षं का लावलीत?"

भट्टीची धग मामाच्या पाठीमागून येत होती.

"दुसऱ्या भट्टीला वाफ धरायला किती वेळ लागतो?"

"कामगारांवर असतं."

"मामा."

"पाऊण तास."

"गुरुवारी बारा मिनिटांत धरली."

"पोरांनी जिवाचं रान केलं."

जिवाचं रान करून पाणी लवकर उकळत असतं तर गावातल्या निम्म्या बायकांनी दिवसातून चारदा ते केलं असतं. ती उठली आणि दुसऱ्या भट्टीच्या लोखंडी दारापाशी गेली. दारावर खडूच्या रेघा होत्या. भट्टीत कोळशाची एक गाडी रिकामी झाली की कामगार एक उभी रेघ मारतो. पाळी संपली की जाणारा आपल्या रेघांखाली एक आडवी रेघ ओढतो, म्हणजे त्याच्या घामाचा हिशेब येणाऱ्याच्या नावावर जायला नको. वहीत साहेब लोक काहीही लिहोत, कामगार या रेघांवर जगतो.

"दुपारची पाळी तीनला बदलते ना?"

"तीनला."

"वीज गेली तीन दहाला." तिने बोट ठेवलं. "गुरुवारची ही आडवी रेघ. तिच्या वर सहा गाड्या. खाली चार. झोपलेल्या भट्टीत तीनच्या आधी सहा गाड्या कोळसा कोणी घातला, मामा? आणि कशासाठी?"

मामाच्या कपाळावरची काजळी घामाने ओली झाली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी हँडलाला हात लावलेला नाही."

"माहीत आहे. पण ते पडणार हे तुम्हाला माहीत होतं."

"फोन आला होता. अडीचला. दुसरी भट्टी तीन दहापर्यंत तयार ठेवा, चाचणी आहे. चाचणी म्हणजे चाचणी, मला काय माहीत माणूस मरेल! आम्ही पेटवली दोन पस्तीसला. वाफ धरली तीन बावीसला. उशीर झाला आम्हाला."

"कोणाचा फोन?"

मामाने चाळीस माणसांकडे पाहिलं. "सोमवारी करार झाला नाही तर यांच्या घरात काय शिजेल ते तू सांग, मग मी नाव सांगतो. संध्याकाळी परत फोन आला होता. तो म्हणाला, कोणी विचारलं तरच बोला."

"मी विचारतेय."

"तू सोडून. तुला सांगायला तोंड नाही मला," मामा म्हणाला आणि पाठ फिरवली.

५

रविवारी ती दादाच्या पलंगावर बसून समितीचा अहवाल वाचत होती. बासष्ट पानं. तक्तेसाहेबांनी तयार केलेला, शुक्रवारी सकाळी समितीकडे पोचता झालेला. प्रत्येक सभासदाला प्रत मिळाली होती आणि अध्यक्षांच्या घरी ती प्रत टेबलाच्या डगमगत्या पायाखाली होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. काही लपवायचं असेल तर अहवालात लपवावं. तिजोरी फोडायला चोर येतात, अहवाल फोडायला कोणीही येत नाही.

ती वाचत होती कारण डोळ्यांना काहीतरी काम हवं होतं. एका युनिटला किती खर्च, त्यात ऊन सर्वांत स्वस्त, मग पाणी, मग कोळसा. बॅटरी बदलायचा खर्च धरला तर ऊन आणि पाणी सारखंच. वर्षात वीज किती वेळा गेली, तर कोळसा एकोणीस, पाणी सात, ऊन एक. कामगारांच्या छातीसाठी रकाना नव्हता.

पान एकेचाळीस. "अचानक बंद पडल्यास पूर्ववत होण्यास लागलेला वेळ." त्याखाली तारखा आणि शेजारी कारण. यांत्रिक. यांत्रिक. जाळी तुंबणे. यांत्रिक. आणि शेवटची ओळ, ऊन, गुरुवार, बारा मिनिटे. कारण: हाताने.

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

सबंध गाव ढग म्हणत होतं. अध्यक्ष ढग म्हणत होते. तिने सील तपासलं शनिवारी. हा कागद शुक्रवारी सकाळी समितीकडे गेला होता. हँडल हाताने पडलं हे शुक्रवारी सकाळी एकाच माणसाला माहीत असणार होतं.

ज्याच्या हाताने ते पडलं, त्यालाच.

६

तक्तेसाहेब रविवारीही कार्यालयात होते. टाचण्या रंगांप्रमाणे लावत होते. दादाच्या वेळी हाच माणूस सर्वांत आधी आला होता, दूध घेऊन, आणि कोपऱ्यात उभा राहिला होता. कोणाच्या अध्यात ना मध्यात.

तिने पान एकेचाळीस समोर ठेवलं.

"तुम्ही वाचलंत," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती. उलट थोडा आनंद होता आणि तोच तिला सर्वांत घाणेरडा वाटला.

"'हाताने' का लिहिलंत?"

"खरं होतं म्हणून."

"मग तोंडाने का नाही बोललात? मावशी जेलमध्ये जाईल."

"मला कोणी विचारलं नाही. मी लिहून दिलं होतं."

ती खुर्चीत बसली. "का केलंत?"

"उन्हाची वीज तीनशे चौसष्ट दिवस गेलीच नाही, ताई. रकाना कोरा."

"कोरा म्हणजे चांगलंच की."

"नाही. कोरा म्हणजे माहीत नाही. अपुरा तक्ता समिती परत पाठवते, नियम सतरा. ऊन बाद झालं असतं. ते बाद होऊ नये म्हणून एक चाचणी हवी होती. भट्टी आधी तापवायला सांगितली, म्हणजे लोकांना मिनिटभरच त्रास व्हावा. दवाखान्याला स्वतंत्र जनित्र आहे. घरी यंत्रावर असलेल्या रुग्णांची यादी पाहिली. खालच्या भागात एकही नाव नव्हतं. मी दोनदा पाहिली."

"दादाचा पत्ता बदलल्याचा अर्ज मी आठ दिवसांपूर्वी दिला होता."

"कुठे?"

"इथे."

साहेबांनी टेबलाच्या उजव्या ट्रेकडे पाहिलं. अर्ज तिथेच होता, वरून तिसरा. "बदल आम्ही पहिल्या तारखेला चढवतो," ते हळूच म्हणाले.

तिने अर्जावरची तारीख पाहिली.

"एक मिनिट म्हणालात. मिनिट झालं, दोन झाली. तुम्ही हँडलाशेजारी उभे होतात."

"हो."

"परत वर का नाही केलंत?"

साहेबांनी चष्मा काढला. "तिसऱ्या मिनिटाला हात वर नेला होता. पण मग पूर्ववत कशामुळे झालं, ते काय लिहिणार? चाचणी वाया गेली असती. मग मावशी धावत येताना दिसल्या. मी मागच्या दाराने निघालो."

हा माणूस चोर असता तर बरं झालं असतं. पैसे खाल्ले असते, कोळशाशी साटंलोटं असतं, तर त्याच्या अंगावर धावून जाता आलं असतं. ती धावून गेली नाही. तिला फक्त एक गोष्ट दिसली आणि ती तिने सांगितली.

"तुमचा आकडा खोटा आहे, साहेब."

"काय?"

"बारा. भट्टी दोन पस्तीसला पेटली, वाफ तीन बावीसला आली. सत्तेचाळीस मिनिटं. आधी तापवली म्हणून बारा. खरंच अचानक गेली असती तर पंधराव्या मिनिटालाही खालचा भाग बंदच असता, तिसाव्यालाही. तुम्ही माझा भाऊ घालवून जो रकाना भरलात, तो चुकीचा भरलात."

साहेबांचा चेहरा तेव्हा पांढरा पडला. भावाचं ऐकून पडला नव्हता, तेव्हा पडला. त्यांनी पेन्सिल शोधायला सुरुवात केली, आणि ती सापडेना.

७

सोमवारी सभागृहात लाकडी बाकं भरली होती. मावशी शेवटच्या बाकावर, तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी. ताईने चौकशी वाचून दाखवली. सील, बॅटरी, खडूच्या रेघा, पान एकेचाळीस. वाचताना आवाज एकदाही हलला नाही.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हात जोडले.

"ताई, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण बघा. सील तुमचं, मीटर तुमचं, भाऊ तुमचा. अशी चौकशी धरता येते का? आणि रेघा म्हणजे रेघा. त्यांच्यावर घड्याळ आहे का? मामा, तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?"

मामाने छताकडे पाहिलं. "आठवत नाही."

"झालं तर. राहिला एक शब्द." अध्यक्षांनी अहवालाची मूळ प्रत उघडली आणि पेन तक्तेसाहेबांपुढे सरकवलं. आवाज मऊ झाला. "साहेब, तुमच्या लिहिण्यात घाई झाली असेल. दगदग होती. तिथे 'हाताने' खोडून 'ढग' लिहा, बाजूला सही करा. तुमची नोकरी राहील, कामगारांचं पोट राहील, कोळशाचा करार होईल. एका शब्दाने एवढ्या जणांचं भलं होतंय."

आणि एका बाईचं वाटोळं, हे कोणीच बोललं नाही. मावशी फडक्याविना हात पिळत होती.

ताईला कळलं की आता तिच्या हातात काहीच नाही. बासष्ट पानं, सहा गाड्या, एक सील, सगळं मिळून त्या एका माणसाच्या पेनावर येऊन थांबलं होतं. ज्याने दादाला मारलं त्याच्याच पेनावर. देवाला इतका फालतू विनोद सुचतो, म्हणूनच कदाचित लोक त्याला हात जोडतात.

साहेबांनी पेन उचललं. पान एकेचाळीस समोर घेतलं. वाकून लिहू लागले. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा होता. ते लिहीत राहिले. एका शब्दाला इतका वेळ लागत नाही.

"काय लिहिताय?" अध्यक्षांनी मान पुढे केली.

"तळटीप," साहेब म्हणाले. ते मान वर न करता वाचायला लागले. "'सदर बारा मिनिटे ग्राह्य धरू नयेत. पर्यायी भट्टी अडीच वाजता माझ्या दूरध्वनीवरील सूचनेवरून आधीच पेटवण्यात आली होती. हँडल मी स्वतः ओढले. खरा कालावधी सत्तेचाळीस मिनिटे. चाचणीत एक इसम मृत.' खाली सही केली आहे."

"अहो साहेब!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "तुम्हाला कळतंय का काय करताय? तुम्ही आत जाल!"

"हो. पण तक्त्यात खोटं नाही लिहिता येणार," साहेब म्हणाले. जणू पाय ओले असताना घरात येता येत नाही म्हणावं, तसं.

त्यानंतर जो गोंगाट झाला त्यात मामाला फोन आठवला. करारावर सही झाली नाही. कोणीतरी आबांचं ते तिघांना एकत्र नांदवायचं पुन्हा काढलं, आणि कोणीतरी त्यावर ओरडलं. मावशीवरच्या गुन्ह्याचा कागद अध्यक्षांनी दोन तुकडे करून खिशात घातला. रागाने फाडला, पण फाडला. मावशी जागची उठली नाही. तिच्या शेजारी हळूहळू दोन बायका येऊन बसल्या.

ताई बाहेर निघाली. त्या माणसाचे उपकार मानावेत की त्याचा गळा धरावा, हे तिला ठरवता येत नव्हतं आणि दोन्हींसाठी अंगात बळ नव्हतं. व्हरांड्यात तो तिच्या मागून आला. हातात तोच कागद, तेच पेन.

"ताई, एक राहिलं. 'एक इसम' असं ठेवता येत नाही. पूर्ण नाव लागतं. तुमच्या भावाचं नाव काय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पेन कागदाला टेकलेलं होतं. तो खरंच वाट बघत होता. बावीस वर्षं दादा गावाच्या वीजघरात राबला, आठ दिवस त्याच्या पत्त्याचा अर्ज याच माणसाच्या टेबलावर पडला होता, आणि त्या माणसाला नाव माहीत नव्हतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली.

"पण रकाना..."

"कोरा ठेवा."

ती पायऱ्या उतरली. मागून मावशीची चप्पल वाजत होती, ती काही न बोलता चालत येत होती. रस्त्यावर उन्हं चढली होती, दुकानं उघडत होती. कोपऱ्यावर पोहोचल्यावर ताई थांबली आणि दादाला लहानपणी खेळायला बोलवायची तसं त्याचं नाव मोठ्याने घेतलं. चार दिवसांत पहिल्यांदा. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. तिने पुन्हा घेतलं, आणि या वेळी शेवटचं अक्षर तिच्या घशातून बाहेर पडेना.